पाणी पुरणार नाही

माय, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता मी बी.ए. झाले आहे, मुलींच्या शाळेत शिकवते आणि बाबांना घेऊन खामगावच्या एका नव्या वस्तीत राहते. इथे एका जागेवर एकच घर, घरापुढे अंगण, अंगणात पेरू नाहीतर सीताफळ. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत एक निवृत्त कंपाउंडर चार बिऱ्हाडांचं घर बांधणार आहेत, खाली दोन आणि वर दोन. ते होऊ नये म्हणून वस्तीने नगरपालिकेला अर्ज द्यायचं ठरवलं, आणि तो अर्ज मी लिहिला आहे. तुला त्याचंच सांगायचं आहे.

मागच्या रविवारी शेजारच्या काकांच्या ओसरीवर सगळे जमले. काका तलाठी होते. अजूनही समोरच्याचा जबाब घेतल्यासारखे बोलतात. "एका घरात एक बिऱ्हाड असलं म्हंजे मानूस वळखू येते. भाडेकरू आज हाये, उद्या नाई. कोन येईन, कुठून येईन, कोनाले मालूम?" काकू आतून ओरडल्या, "आमचं एक मानूस घोरते त मले झोप नाई. वरतून चार घोरले त मी काय माहेरी जाऊ?" सगळे हसले. मीही हसले. मग काका माझ्याकडे वळले. "बाई, तुमीच लिहा. आमच्या हातचा कागद साहेब वाचत नाई." मी लगेच हो म्हटलं. मला त्या कंपाउंडरांचा पहिल्यापासून संशय होता. स्वतःच्या भाड्याच्या खोल्यांना जो माणूस 'गरिबाची सोय' म्हणतो, तो चार बिऱ्हाडांत एक संडास बांधणार, सांडपाणी रस्त्यावर सोडणार, असं मी धरूनच चालले होते. असली घरं मी आतून पाहिलेली आहेत.

कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाजवळचं आपलं घर आठवतं ना? ओळीने पाच खोल्या, एक नळ, एक संडास, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की पलीकडच्या चुलीवर फोडणी पडली की आपल्या खोलीत ठसका. तू जिनातून यायचीस तेव्हा तुझ्या केसांत कापसाची भुरी असायची, आणि ती झटकायच्या आधी घागर नळाच्या रांगेत ठेवायला धावायचीस. तू आपल्याच घरात कुजबुजत बोलायचीस. पण त्या खोलीमुळे शाळा दहा पावलांवर आली. तू तापाने पडलीस तेव्हा दुसऱ्या खोलीतल्या मावशींनी आठ दिवस माझ्या वेण्या घातल्या. गावी वडनेरला राहिले असते तर चौथीनंतर मी तुझ्याबरोबर निंदणाला गेले असते. ते घर वाईट होतं, आणि ते नसतं तर मी बी.ए. झाले नसते. ही दोन्ही वाक्यं मला एका अर्जात बसवता येत नाहीत.

खोली घ्यायला गेलो त्या दिवशी मालकाने विचारलं, "कोन्या गावचे? कोन तुमी?" तू म्हणालीस, "वडनेरचे. जिनात कामाले हाये आमी दोघं." त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. वडनेरच्या घरात भिंतीवर असलेली बुद्धाची तसबीर त्या खोलीत आली ती लुगड्यांच्या घडीखाली, पेटीत. मला तू सांगितलंस, "कोनी इचारलं त जिनातले म्हन. लबाडी नाई ते."

मग पाचवी खोली रिकामी झाली. मालक दारात उभा राहून म्हणाला, "मुकादमानं एक मानूस सांगतला. तुमच्याच वडनेरचा हाये, वळखता का?" त्याने नाव सांगितलं. तो तुझा सख्खा भाऊ होता, माय. कोणी विचारलं की आपण कोण ते सरळ सांगून टाकणारा. तू पीठ मळत होतीस. हात थांबला नाही. "नाई वळखत. अन् मालक, आताच पानी पुरत नाई. पाचवं बिऱ्हाड कुठी घालता?" मालक मान हलवून गेला. मी तुझ्याकडे पाहत राहिले, तर तू माझ्यावरच खेकसलीस, "काऊन पाह्यतं? पाटी घे, अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी मी तुझी भाकर घेऊन जिनाच्या फाटकाशी आले तेव्हा मामा तिथे उभा होता. तू त्याला आपल्या मडक्यातलं पाणी दिलंस. त्याने लोटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि हसून म्हणाला, "पुरते त, अक्का." मालकाने त्याला तुझं कारण सांगितलं होतं. तू मडक्यावर झाकण ठेवलंस. तो रेल्वेच्या रुळाकडेला झोपडीत राहिला.

त्याच मामाची लेक आता इथल्या दवाखान्यात नर्स झाली आहे. तिला खोली हवी आहे. दोन ठिकाणी तिने खरं सांगितलं आणि दोन्ही खोल्या "कालच गेल्या". ती मला म्हणाली, "ताई, तुह्या वस्तीत कुठी भेटन का? तू त शिकलेली, तुह्या शब्दाले मान अशीन." मी म्हटलं, पाहते. हे घर मला शाळेच्या मोठ्या बाईंच्या ओळखीने मिळालं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती कोपऱ्यावर राहायला आली, तर सकाळी रस्त्यावरूनच हाक मारेल. काका ओसरीवर असतील.

मी मुलींना समता शिकवते. फळ्यावर लिहिते, मोठ्या अक्षरात. आणि अर्जाचं पहिलं कलम लिहिलं आहे: "सदर वस्तीस पाणी पुरणार नाही." काकांनी ते दोनदा वाचून घेतलं. "वा! बाकी कायची गरजच नाई." सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. माझ्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे. उद्या सकाळी काका कागद न्यायला येतील. अर्ज तुझ्याच पेटीत ठेवला आहे, तसबिरीच्या वर. तसबीर अजून पेटीतच आहे.

तुझ्यावर रागवायचं म्हणून हे लिहायला बसले होते. तुला एक खोली राखायची होती आणि एक मुलगी शिकवायची होती. मला कसली भीती आहे? नोकरी माझी आहे, पगार माझा आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. ओसरीवरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी कंपाउंडरांकडे गेले होते, त्यांची चोरी पकडायला. त्यांनी चहा दिला आणि नकाशा उलगडून माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा संडास आहे. आणि मागच्या अंगणात विहीर आहे, माय. खोदून झाली आहे. मी वाकून पाहिली. पाणी होतं.