भरली होडी बाहेर थांबते

हैदराबाद
८ जानेवारी २०२५

ती. दक्षाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारतेस बरी आहेस ना, मी म्हणते हो, आणि दोघीही फोन ठेवतो. म्हणून हे पत्र. सोमवारच्या परीक्षेत मी नापास झाले. आता एकच संधी, १० फेब्रुवारीला. तीही गेली तर पायलट होणं संपलं.

आमचा सिम्युलेटर म्हणजे उंच पायांवर उभी केलेली एक बंद खोली. आत बसलं की ती खऱ्या विमानासारखी हलते, डुलते. खाली सगळं जमतं गं. अडतं ते पस्तीस हजार फुटांच्या वर. तिथे हवा विरळ, इंजिनात फारसं बळ उरत नाही, आणि विमान इंधनानं जड. मी वर चढवायला जाते, वेग कमी कमी होत जातो, धोक्याचा इशारा म्हणून हातातला दांडा आपोआप थरथरायला लागतो आणि सगळं कोसळतं. कोसळतं ते खोलीतच, पण घाम खरा येतो.

आजोबांना इतक्यात सांगू नकोस. मी थकले आहे, एवढंच.

तुझी
पूर्वी

धाकटी डहाणू
१९ जानेवारी २०२५

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तलासरीच्या बसमध्ये रोज वाचलं. शाळेत हल्ली दोन वर्ग माझ्याकडे आहेत, वर पाड्यांवरच्या सर्वेक्षणाचं कामही. घरी येईपर्यंत दिवस बुडतो, मग बाबांची मालिश, औषधं. रविवारशिवाय पेन हाती धरवत नाही.

तू नको म्हणालीस तरी बाबांना विचारलंच, फक्त तुझं नाव काढलं नाही. चाळीस वर्षं तांडेल होते, होडी त्यांच्या हातात असायची, त्यांना नाही तर कुणाला कळणार? होडी लाटेवर चढेना तर काय करायचं, असं विचारलं. ते अर्धवट झोपेत म्हणाले की इंजिन पुऱ्या जोरात सोडायचं, होडीचं तोंड उचलून धरायचं आणि माघार घ्यायची नाही. तूही तसंच कर. आपल्या घरात कुणी मागे फिरलेलं नाही.

शेजारची सोनूबाई ओट्यावर बोंबील निवडत होती. तुझं विमान अजून खोलीतच आहे हे कळल्यावर म्हणाली की पोरीला दार उघडून द्या, म्हणजे उडेल तरी.

वेळेवर जेव.

तुझी आत्या
दक्षा

हैदराबाद
२६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोनूबाईंचा निरोप मैत्रिणीला वाचून दाखवला, दोघी पोट धरून हसलो. मग सरावाला गेले आणि आजोबांनी सांगितलं तसंच केलं. इंजिन पुरं, तोंड वर. विमान आधीपेक्षा लवकर कोसळलं. त्यांचा दोष नाही. दांडा थरथरायला लागला की तोंड खाली करायचं असतं, हातची उंची सोडून वेग परत मिळवायचा असतो. माझा हात नेमका उलट जातो.

शिकवणाऱ्या बाई शांत आहेत. त्या म्हणाल्या की माझी चूक त्याच्याही आधी होते. मिनिटाला किती फूट चढायचं ते बटण फिरवून सांगता येतं. विमान आज्ञाधारक असतं. अंगात बळ नसलं तरी सांगितलं तेवढं चढत राहतं, त्यासाठी स्वतःचा वेग खर्चून टाकतं, आणि शेवटपर्यंत कुरकुर करत नाही. म्हणून मागणंच कमी ठेवायचं. आणि जमिनीवरून रेडिओवर बोलणाऱ्या नियंत्रकानं सदतीस हजार फुटांवर जाल का विचारलं, तर सरळ सांगायचं की आत्ता जमणार नाही. इंधन जळून वजन उतरलं की मग वर जायचं.

आत्या, तेच तोंडातून निघत नाही. विचारलं रे विचारलं की मी हो म्हणून मोकळी. बाईंनी विचारलं, घरी कुणी शिकवलं हे?

तुझी
पूर्वी

धाकटी डहाणू
२ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुलाही ठाऊक आहे, मलाही. ते आज्ञाधारक विमान वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मग चहा गार झाला.

या वेळी बाबांना उठवून बसवलं आणि तुझं सगळं सांगितलं. विमान जड असतं म्हटल्यावर ते माझ्यावरच उखडले. म्हणाले की होडी भरलेली आहे हे आधी का नाही सांगितलंस, मी बोललो ते रिकाम्या होडीचं. मासळीनं भरलेली होडी ओहोटीला खाडीत घालणारा तांडेल नव्हेच. खाडीच्या तोंडाशी वाळू आहे, होडी रुतते. तेव्हा बाहेरच नांगर टाकायचा, होडीवर भात शिजवायचा, पाणी चढेपर्यंत गप्प बसायचं. बंदरावरून बायका हाका मारतात, मारू द्यायच्या.

त्या हाका मारणाऱ्यांत मी होते गं. परकर चिखलात भिजवून उभी असायचे आणि बाबा येत का नाहीत म्हणून रडायचे. समोर दिसत असूनही येत नाहीत याचा राग यायचा. ते तिकडे भात खात होते हे आज कळलं.

तुला मी मागे न फिरणं शिकवलं. थांबणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

नापास झालीस तरी दार उघडंच आहे.

तुझी आत्या
दक्षा

हैदराबाद
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल फोनवर सांगितला तेव्हा तुझ्या बाजूनं फक्त बसचा हॉर्न ऐकू येत होता, म्हणून बाकीचं लिहिते.

पस्तीस हजारांवर नियंत्रकानं विचारलं. हो अगदी ओठांवर आलं होतं. मग मला आजोबा भात ढवळताना दिसले. मी म्हटलं की आत्ता जमणार नाही, वजन उतरल्यावर मीच विचारीन. कुणी रागावलं नाही आत्या. नियंत्रक बरं म्हणाला, एवढंच. पुढे आम्ही वर गेलो, अगदी हळू, वेगाच्या काट्यावर नजर ठेवून. दांडा एकदाही थरथरला नाही.

परीक्षकांनी सही केली. मी खोलीवर येऊन चौदा तास झोपले.

आता एक विचारते. तुझे दोन वर्ग, पाडे, आजोबा, आणि एवढी वर्षं मी. तुझा काटा कोण बघतं?

तुझी
पूर्वी

धाकटी डहाणू
१६ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

बोर्डीहून चिकू आणले आणि वाडीभर वाटले. सोनूबाई एकटीच सहा घेऊन गेली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळणार होते. पण शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. पाचवीच्या बाई रजेवर जाताहेत, तोही वर्ग मीच सांभाळावा, मी कधी नाही म्हणत नाही म्हणून मलाच सांगताहेत, असं म्हणाले. मी म्हटलं की यंदा जमणार नाही, आणि पाड्यांचं कामही आता दुसऱ्या कुणाला द्या. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. मग त्यांनी बरं म्हणून कागद पुढच्या नावाकडे सरकवला.

साडेचारची बस मिळाली. उजेडातला हा रस्ता किती वर्षांनी पाहिला. मला दारात पाहून बाबांनी विचारलं की शाळा बंद पडली का. मी भात टाकला आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर नुसती बसले. खाडीत पाणी अजून चढायचं होतं.

तुझी आत्या
दक्षा