नागकन्येची पेटी

लकडगंज, नागपूर
१९ जानेवारी २०२५

सौ. कौसल्यास,
देवाजीचा आशीर्वाद. मनोहररावांना नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलेच झाले. तुमच्या बगिच्यात मृगाची संत्री अजून झाडावर असतील. फोनवर आपण संत्र्यांपाशी आलो की फोन ठेवतो, म्हणून या खेपेला लिहायला बसलो.

माळ्यावरची पेटी मी खाली काढली. नागकन्येची. उत्तरा नावाची एक मुलगी शोधत आली होती. जुन्या सर्कशींच्या बाहेर जे लहान तंबू लागायचे, त्यांतलं सामान गोळा करून, दुरुस्त करून ती प्रदर्शन मांडते आहे. मला वाटलं, चार फोटो काढेल आणि जाईल. तिनं दीड महिना माझ्या फर्निचरच्या कारखान्यात ठाण मांडलं. कापसाच्या बोळ्यानं नागाच्या अंगावरचा हिरवा रंग इतका हळू पुसला, की मी म्हटलं, "बाई, एवढ्यात मी एक दिवाण केला असता." हिरव्याखाली निळा निघाला. तू बसायच्या आधी बाबांनी मत्स्यकन्या करून पाहिली होती, आठवतं?

लाकडाला काही झालेलं नाही. उमरेडच्या घरचा हातमाग मोडून बाबांनी ती पेटी केली, ते सागवान अजून खणखणीत आहे. दोन्ही आरशांचा पारा मात्र उडाला होता. ते नवे बसवले. पुढून पाहिलं की वर नुसतं डोकं, त्याला जोडलेलं नागाचं अंग, आणि खाली पुन्हा सगळं रिकामं दिसतं, आत माणूस बसलेलं कळतच नाही. गळ्याभोवतीच्या दोन फळ्या आणि बाहेरची कडी जशीच्या तशी आहे.

उत्तरानं माहितीचा कागद भरायला दिला. खेळ कोणाचा, पुकारा कोण करायचं, आत कोण बसायचं. पहिली दोन नावं मी लिहिली. तिसऱ्या ठिकाणी लिहिलं, "रोजानं आणलेली मुलगी, नाव माहीत नाही." तुझ्या घरी कोणाला ठाऊक नसेल, म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. हे खरं नाही. कौसल्या म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

सावनेरचा तंबू. तू अकरा वर्षांची होतीस, मी पंधराचा. नागाच्या कापडात भाताची नवीन तणस भरली होती. मी रोजच्यासारखं विचारलं, "बोल नागकन्ये, तुझी अशी दशा काहून झाली?" तू म्हणालीस, "मायबापाचं आयकलं नाही म्हणून." आणि मग जे बाबांनी शिकवलं नव्हतं ते म्हणालीस, "दादा, मले बाहेर काढ गा. मुंगळे चावून राहिले."

लोकांना तो खेळच वाटला. बायका रडल्या, टाळ्या पडल्या. मी पुढचा प्रश्न विचारला. खेळ संपेपर्यंत तू आत होतीस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मुंगळे तेवढे गाळले आणि "दादा, मले बाहेर काढ" पाठ करून घेतलं. तीन वर्षं तू ते प्रत्येक खेळात म्हणालीस. तंबूबाहेर मला दादा म्हणणं मात्र त्या दिवसापासून बंद केलंस. अजूनही भाऊबीजेला येतेस, ओवाळतेस, पोरांच्या तोंडून निरोप देतेस, हाक मारत नाहीस. मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं!

आई शेवटी आजारी होती तेव्हा तिनं सावनेरचं विचारलंच, "देवा, तुले समजलं नव्हतं काय रे?" मी म्हणालो, "माझं तोंड पब्लिककडे होतं वं. मले ना दिसलं, ना आयकू आलं." तू तिथंच तिचे पाय चेपत बसली होतीस.

गेल्या मंगळवारी आरशांचा कोन जुळवायचा होता. आत कोणीतरी बसायला हवं, म्हणून मीच बसलो. सहासष्टाव्या वर्षी नागकन्या! कारागीर पोट धरून हसले. फळ्या मिटल्या, कडी लागली. हात खाली अडकलेले, नाकाला खाज सुटली तरी काही करता येईना. उत्तरा माझ्या जागी, पुकाऱ्याच्या जागी उभी राहिली. समोरच्या कारागिरांकडे तोंड करून. माझ्यापासून दोन हातांवर. मी अगदी हळू म्हणालो, "डावा आरसा जरासा..." आणि ती लगेच वळली. "काय काका?"

कौसल्या, मला ऐकू आलं होतं. मी वळूनही पाहिलं होतं. तुझ्या कानामागून मुंगळा गालावर आला, तो पाहिला, आणि तू माझ्याकडे पाहत होतीस. तंबू पहिल्यांदाच गच्च भरला होता. कडी माझ्या हाताशी होती. मी पुन्हा लोकांकडे वळलो.

आईपाशी मी खोटं बोललो आणि तू ते ऐकून घेतलंस. ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. सावनेरची गोष्ट पन्नास वर्षं आपण दोघांनी अशीच सांभाळली.

कागदावरची ती तिसरी ओळ काल मी खोडली. तुझं नाव लिहिलेलं नाही, ते तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. उत्तराला तो पुकारा माझ्या आवाजात भरून हवा होता, तोही मी दिला नाही. पेटी दाखवावी असं तुला वाटलं, तरच ती देईन. काही कळवलं नाहीस तर तो नकार समजेन आणि स्वतः पेटीला करवत लावीन. तेवढं मला जमतं.

माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देण्यातच तुझं लहानपण गेलं.

सगळं ऐकू आलेला,
देवाजी