अधांतरी दार आणि माझा शिक्का

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसायाने वास्तुविशारद, राहणार स्वतःच आखलेल्या घरात, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांना दाखला देण्याचा अधिकार नाही. आमच्या संसारातलं सगळं भांडण याच एका मुद्द्यावर झालं.

कलम पहिलं. राहतं घर माझ्यामागे ह्यांचं आणि ह्यांच्यामागे मुलगा व सून यांचं समाईक. घरात फेरफार करताना स्वयंपाकघराच्या खिडकीला हात लावू नये. ती माझ्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट आहे. मुलाने हे वाचून वाईट वाटून घेऊ नये, तो दुसरा.

कलम दुसरं. बँकेतली पुंजी अर्धी ह्यांना, अर्धी मुलाला. ही पुंजी कोणाच्या जिवावर जमली, यावर आमचं एकमत न होताच आम्ही दोघं जाणार असं दिसतं. ह्यांचं शिक्षण माझ्याएवढंच. नकाशावर स्वतःचा शिक्का मारायचा हक्क देणाऱ्या नोंदणीच्या परीक्षेच्या दिवशी मात्र हे एका गिऱ्हाइकाबरोबर जागा बघायला गेले, गप्पांत रंगले आणि त्या परीक्षेकडे पुन्हा फिरकले नाहीत. "लोक माणूस बघून काम देतात, अगं. भिंतीवरचा कागद कोण वाचतो?" असं हे म्हणतात. खरं आहे. गिऱ्हाईक ह्यांच्या बोलण्याने आत येतं. पण खुर्चीवर टेकलं की विचारतं, "नकाशावर सही कोणाची?" तेव्हा हे माझ्याकडे बोट दाखवतात. नोंदणीआधी मी जी रेघ मारत होते, तीच नोंदणीनंतर मारली. हात तोच, पेन्सिल तीच, फी मात्र दुप्पट झाली. याचा खुलासा विचारला की हे विषय बदलतात.

कलम तिसरं. मी उमेदवारी जिथे केली, त्या थोरल्या साहेबांच्या कार्यालयाला रेघा आखायची एक लाकडी पट्टी परत करावी. मी परीक्षेसाठी रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, तुमचा हात चांगला आहे, परीक्षा कशाला? शिक्का माझा आहेच." त्यांच्या शिक्क्याखाली मी एक वाचनालय आणि दोन शाळा उभ्या केल्या. कोनशिलेवर नाव त्यांचं, पगार नवख्याचा. नोकरी सोडताना त्यांनी मला ही पट्टी भेट दिली. ती वाकडी आहे. मी ती कधी वापरली नाही, त्यांनीही वापरू नये.

कलम चौथं. दिवाणखान्यातली फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. एकदा नोंदणीची चव लागल्यावर मला हावच सुटली. दवाखान्यांच्या रचनेचं घेतलं, त्यावर दोन दवाखाने मिळाले. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं घेतलं, त्याने वर्षानुवर्षं भाकरी दिली. प्रकाशयोजनेच्या प्रमाणपत्राने एक पैसा मिळवला नाही, पण त्यामागे भिंतीला आलेली ओल छान झाकली. ते काढू नये. आर्किटेक्टच्या घरात ओल, हे गिऱ्हाइकांना दिसता कामा नये.

कलम पाचवं. कार्यालय, टेबलं, सगळे जुने नकाशे आणि दारावरची पाटी सुनेला. ती माझ्याबरोबर काम करायला लागली त्याला आता बराच काळ लोटला. शिकलेली आर्किटेक्ट आहे, माझ्यापेक्षा जलद आखते, जिने तर मला कधीच इतके सोपे जमले नाहीत. पण नोंदणीची परीक्षा ती दर वर्षी पुढे ढकलते. आधी मुलं लहान, मग कामांची घाई. परवा पुन्हा विचारलं तर म्हणाली, "आई, तुमचा शिक्का आहे ना. मग मला काय घाई?"

इथे मला तिची खरोखर काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. पोरी, या मृत्युपत्राने मी तुला सगळं देऊ शकते, शिक्का नाही. तो माझ्याबरोबर जातो. दुसऱ्या दिवसापासून या कार्यालयातला एकही नकाशा मंजुरीला जाणार नाही. तू आखलेली नवी शाळासुद्धा. मग तुला कुठल्यातरी थोरल्या साहेबांकडे जावं लागेल, आणि तेही म्हणतील, हात चांगला आहे. पुढचं तू कलम तिसऱ्यात वाचलंस.

कलम सहावं. अधांतरी दाराबद्दल. वरच्या मजल्यावरच्या या दाराला आमच्या घरातला प्रत्येक पाहुणा हसून गेला आहे. हे घर आम्ही दोघांनी मिळून आखलं. आतल्या खोल्या ह्यांनी, बाहेरची बाजू मी. सज्जा दुसऱ्याच्या कागदावर आहे असं दोघांनीही धरलं. दार झालं, सज्जा झालाच नाही. सासूबाई चादर झटकायला दार उघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पुढे काहीच नाही की इथे." तेव्हापासून दाराला आडवा गज आहे. चूक ह्यांचीच. पण नकाशावर शिक्का माझा होता, तेव्हा सासूबाईंनी जाब मला विचारला, आणि ते बरोबरच होतं. शिक्क्याचे जास्तीचे पैसे मिळतात ते रेघेचे नसतात, जाब देण्याचे असतात. हे मी ह्यांना कधीच समजावू शकले नाही. पोरी, तुला समजेल.

तर सज्ज्याचा खर्च मी बाजूला ठेवला आहे. नकाशा सुनेने करावा आणि त्यावर शिक्का तिचा स्वतःचा असावा. दुसऱ्या कोणाच्या शिक्क्यावर तो बांधू नये, गज तसाच राहू द्यावा. हे सगळं माझ्या हयातीतच झालं, तर हे कलम रद्द समजावं आणि पहिलं पाऊल मला टाकू द्यावं.

साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्य बाई (सही). कोपऱ्यावरचे छापखानेवाले (सही).
स्थळ: राहतं घर, वरची खोली. दिनांक: बारा मार्च.

(खाली पेन्सिलने, ह्यांचं अक्षर: वाचलं. नकाशात दार हिनेच काढलं होतं.)

पुरवणी, पुढच्या वर्षीचा नऊ मे. साक्षीदार तेच. कलम सहावं रद्द करत आहे. कलम पाचव्यातली काळजीही खोडावी, बाकी तसंच. गज आज सकाळी काढला. ह्यांनी सज्ज्याच्या नकाशावरचा नवा शिक्का चष्मा लावून नीट वाचला, माझा कधी वाचला नव्हता. मग म्हणाले, "सही सुनेची आहे, जा बिनधास्त." मी गेले. सून दारातच उभी होती, माझ्यापेक्षा तीच घाबरलेली. मी तिला म्हटलं, तू ये आता, चूक निघाली तर जाब तुलाच द्यायचाय. ती आली, मागून हेही आले. चहा आम्ही तिघांनी बाहेरच घेतला.