डावा खांदा

बाबा, आई आज पुन्हा मोगऱ्याच्या कळ्या खुडायला गेली. तीन महिन्यांनी, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने आणि माझ्याशी भांडून. टोपली मी धरायची आणि तिने नुसतं खुडायचं, असं ठरलं होतं. अर्धी ओळ होते न होते तोच टोपली तिच्या हातात. मी बांधावर बसून बघत राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही जाऊन एकतीस वर्षं झाली, पण असं काही सांगायला अजून तुम्हीच आठवता.

आपल्या गास गावच्या वाडीत केळीचं लोंगर, अख्खा घड, डाव्या खांद्यावरच घ्यायचं. उजव्या हातात कोयता, मग दुसरा खांदा आणणार कुठून? तुमच्या आणि काकांच्या डाव्या खांद्याला घट्टाच पडला होता. तो खांदा दुखला की घरात एकच निदान, लोंगराने धरलाय. रात्री बाम आणि शेक, सकाळी परत लोंगर. शेवटच्या आठवड्यात तुमचा खांदा वाडीत चालताना दुखायचा आणि बसलात की थांबायचा, पण त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही. शेवटच्या सकाळी आई फुलं घेऊन बाजारात गेली होती. मी दप्तर घेऊन निघतेय आणि तुम्ही ओट्यावर बसलाय, बनियन घामाने चिंब, हात जबड्यावर. "काय नाय गो, लोंगराने धरलाय. जरा बाम लाव नि पळ शाळेत." मी दोन्ही हातांनी चोळून बाम लावला. दुपारी काका मला वर्गातून न्यायला आले.

त्यानंतर माझ्या छातीने मला धड जगू दिलं नाही. वालीवच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करताना, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही काळीज धडधडायला लागायचं. बोटांना मुंग्या, श्वास अपुरा, आता मेलेच. मग धावत वसईला जाऊन ईसीजी. दर वेळी तो अगदी नॉर्मल. "तुजं काळीज नाय, डोकं तपासून घे," आई म्हणायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही शेवटी तेच सांगितलं, फक्त गोड शब्दांत. घबराट अंगावर धावून येते, टोचते, मुंग्या आणते आणि बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते. हृदयाचं दुखणं बहुधा दाबून धरल्यासारखं असतं, चालताना वाढतं, खांद्यात, पाठीत, जबड्यात उतरतं, घाम फुटतो, मळमळतं. बायकांची तर कधी कधी छाती दुखतच नाही. "पण घरी बसून निकाल लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखीच वाटू शकतात. शंका आली की यायचं. दहा वेळा उगाच आलीस तरी मी रागावणार नाही." ही सवलत मी पुरेपूर वापरली, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तीन महिन्यांपूर्वी आई अर्धी टोपली खाली ठेवून बांधावर बसली. "पित्त झालंय. पाठ भरलीय नुसती. लिंबाचं पानी दे." अगदी शांतपणे म्हणाली. कपाळ घामाने ओलं आणि हात जबड्यावर. तो हात मी ओळखला, बाबा.

"आई, जबडा दुखतोय?"

"दाढ असेल."

"चल, वसईला जाऊ."

"कळ्या उमलून जातील सगळ्या."

"उमलू देत."

"तू नि तुजा ईसीजी! जीव खाल्लास माजा."

मी जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडले. शेजारच्याची रिक्षा थेट मोगऱ्यापर्यंत आणवली, तिला चार पावलंही चालू दिलं नाही. रस्ताभर ती मला भित्री म्हणत होती, आणि गंमत म्हणजे त्या अर्ध्या तासात माझं काळीज एकदाही धडधडलं नाही. या वेळी ईसीजी नॉर्मल नव्हता. त्याच दिवशी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता आई गावभर सांगत फिरते, "पोरगी भित्री निघाली म्हनून मी वाचले." इतकं मोठं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली. आई अजूनही म्हणते, "एका शब्दाने तरी बोलला असता त्या दिवशी." तुम्ही बोलला होतात. मी बाम लावत असताना म्हणालात, "छातीवर पन धोंडा ठेवल्यासारखं झालंय. आईला नको सांगू, घाबरेल." मी नाही सांगितलं. हे पत्र तिने वाचावं म्हणून तिच्या गोळ्यांच्या डब्याखाली ठेवायचं ठरवून लिहायला घेतलं होतं. पण आता ती ओट्यावर कळ्या निवडत बसलीय, काहीतरी गुणगुणतेय, आणि माझ्याच्याने ते होणार नाही. तुम्हाला मात्र खरं सांगते. त्या सकाळी शाळेपर्यंत मी उड्या मारत गेले होते, कारण तुम्ही एक गोष्ट आईला नाही, मला सांगितली होती.