‘नंतर’ नावाचे बटण

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. गदग

क्षमा असावी. कोणाची मागते आहे, ते मलाच ठाऊक नाही. बहुधा या कोऱ्या वहीचीच. शाळेत निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून मनातले लिहिण्याचा अधिकार मिळतो असे नव्हे. तरीही हे धाडस करते आहे, कारण आज कोणावर तरी मोठ्याने ओरडायचे होते आणि ज्याच्यावर ओरडायचे तो संगणक निघाला!

सकाळी एका पुस्तकाचे आठवे प्रकरण मांडत होते. अर्ध्या ओळीत स्क्रीन निळी झाली. ‘अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका.’ मी कुठे बंद करते आहे? तूच झालास ना! सत्तेचाळीस मिनिटे गेली. त्यातली वीस नुसती ‘३० टक्के’ या आकड्याकडे पाहण्यात.

रुद्रप्पाकाका शेजारी येऊन उभे राहिले. चाळीस वर्षे या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, आता बांधणी पाहतात. म्हणाले, “माझे खिळे कधी असे कामातून उठून गेले नाहीत, पोरी. फार तर पायावर पडायचे!”

या वहीत जे लिहीन ते खरेच लिहीन, एवढे तरी ठरवते.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा ती अपडेटची चौकट. ‘आत्ता’ किंवा ‘नंतर’. ‘नको’ असे बटणच नाही! आज पाच वेळा ‘नंतर’ दाबले. काम करता करता एक डोळा सतत त्या कोपऱ्याकडे. मांडीवर झोपलेले मूल कधी उठेल याची धास्ती असावी तसे.

एकदा दिवसभर सगळी कामे बाजूला ठेवून ते अपडेट होऊ द्यावे, असे अण्णांना सांगायला गेले. अण्णा म्हणजे चन्नवीरप्पा, आमचे मालक. ते फोनवर होते. दाराशी थोडी उभी राहिले आणि परत आले. खानापूर सोडून या कन्नड गावात सहा वर्षे झाली. त्या दारातून किती वेळा परतले, याची गणती नाही.

२५ सप्टेंबर

चौकट दिवसभर आली नाही. त्यानेही चैन पडेना.

२७ सप्टेंबर, शनिवार

ईरसंगप्पा मास्तर आले होते. दृष्टी जवळजवळ गेलेली. आपल्या आठवणी ते कन्नडमधून सांगतात, मी थेट संगणकावर उतरवते. कागदावर काहीच नाही. एकच प्रकरण उरले आहे — त्यांच्या पत्नीचे, गिरिजव्वांचे. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांच्या घरी सगळे जमणार आणि ते प्रकरण वाचून दाखवायचे मी. मी! वीस माणसांसमोर!

“हे मी एकदाच सांगणार,” मास्तर म्हणाले. “मधे थांबवायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही. थांबलो की संपलं.”

आमचे मांडणीचे सॉफ्टवेअर इतके जुने आहे की सेव्ह करताना दोन मिनिटे कळफलक गोठतो. म्हणजे प्रकरण पुरे होईपर्यंत सेव्ह करता येणार नाही. हे त्यांना सांगायला हवे होते. मी मान डोलावली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढे मान डोलावली!

जाताना त्यांचा फोन खणखणीत आवाजात बोलू लागला. आलेला निरोप वाचून दाखवण्याची सोय नातवाने करून दिली आहे. मास्तर हसले, “ऐकलंस? माझा फोनसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतो!”

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या आयुधपूजा. यंत्रे पुसली, कात्र्यांना धार लावली. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, तुमच्या आयुधाला आंघोळ घालू का?” सगळे हसले. मीही हसले, जरा उशिराने.

चौकट चार वेळा. ‘नंतर’ चार वेळा.

१ ऑक्टोबर, बुधवार. महानवमी

नीट लिहिले पाहिजे.

मास्तर आठ वाजताच आले. भिंतीकडे तोंड करून बसले आणि बोलू लागले. गिरिजव्वा दाराशी येऊन उभ्या राहत, ओला पदर पिळत. मास्तर वह्या तपासत असत. ‘नंतर सांग,’ म्हणत. त्या ‘बरं’ म्हणून आत जात. अशी वीस वर्षे. त्या गेल्यावर शेजारणीकडून कळले — त्यांना वाचायला शिकायचे होते.

“आणि मी शाळामास्तर,” एवढे बोलून मास्तर थांबले. काठी चाचपली आणि पूजेलाही न थांबता निघून गेले.

मी सेव्ह करणार तोच अण्णांच्या आई आल्या, हातात हळदकुंकवाचे ताट. “हात काढ पोरी, मुहूर्त टळतोय!”

“अव्वा, एक मि—”

“आता उद्या! पुजलेल्या आयुधाला आज हात लावायचा नाही.”

स्क्रीनच्या कपाळी कुंकू लागले. झेंडूची माळ चढली. माऊसपुढे लिंबू. दारात कोहळा फुटला आणि सगळे अंगणात गेले, चुरमुरे आणि मिरचीभजी खायला. मीही अंगणात वाढत होते. परत येऊन पाहते तो माळेच्या आत निळा उजेड: ‘७ टक्के’.

गेले. अकरा पाने गेली.

अव्वांना संगणक बंद पडल्याचे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “त्याचाही सण आहे. घेऊ दे की सुट्टी!” पानांचे मात्र मी त्यांना सांगितले नाही, अण्णांना सांगितले. त्यांनी दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणला. “म्हाताऱ्याला दिसतं कुठे? चार पानं तूच लिही, हुशार आहेस ना. बायकोबद्दल काय लिहितात? साधी होती, सोशिक होती. झालं!”

रुद्रप्पाकाकांनी ऐकले असावे. जाताना एवढेच म्हणाले, “खिळे सांडले तर ‘आम्हीच सांडले’ म्हणायचो.”

यात माझा दोष नाही. मी अंगणात होते. कोणालाच काही करता आले नसते. हे यंत्र आपल्याच मर्जीने मरते आणि आपल्याच मर्जीने उठते, आणि उठल्यावर वर ‘स्वागत’ म्हणते!

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहिली चार पाने. ‘साधी होती, सोशिक होती, घराचा आधार होती.’ कन्नड निर्दोष आहे. वाक्ये डौलदार. पैकीच्या पैकी गुण पडतील.

गिरिजव्वा त्यात कुठेच नाहीत. दारसुद्धा नाही.

आणि उद्या वीस माणसे ते ऐकून डोळे पुसतील. मास्तर मात्र ऐकतील आणि काही बोलणार नाहीत. एकदाच सांगायचे होते, ते सांगून झाले आहे त्यांचे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

मी अंगणात नव्हते. काल या वहीलाही खोटे सांगितले.

मी संगणकासमोर उभी होते. चौकट माझ्या डोळ्यांदेखत आली: ‘पंधरा मिनिटांत संगणक पुन्हा सुरू होईल. आपले काम सेव्ह करा.’ लागणार होती दोन मिनिटे. अव्वा दारापलीकडे, हाकेच्या अंतरावर होत्या. ‘अव्वा, मास्तरांची गिरिजव्वा यात आहे, मला हात लावू द्या’ — एवढे वाक्य मी मनात कन्नडमध्ये जुळवत राहिले. आदरार्थी रूप तपासले, दोनदा. निर्दोष झाले तेव्हा स्क्रीन निळी होती.

ती चार पाने फाडली. हे सगळे मास्तरांना लिहिले, त्यांचा फोन मोठ्याने वाचील अशा साध्या वाक्यांत. शेवटी लिहिले: संध्याकाळी दसऱ्याचे सोने म्हणून बन्नीची पाने घेऊन येईन. बोलाल ते ऐकेन. दारातून परत फिरणार नाही.

पाठवले. गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे.