गार्सिया घराणं बुडू देणार नाही

३ फेब्रुवारी, सकाळ
लेकीला, सोनसोलेसला, नववा लागला. डॉक्टर म्हणतात, मुलगा आहे. आनंदाने झोप नाही. खरं म्हणजे काळजीने नाही. आमच्याकडे पोराला दोन आडनावं लागतात, एक बापाचं, एक आईचं. पण पुढच्या पिढीत उतरतं ते फक्त पहिलं. जावई एनेको बिल्बाओचा, सुबियागा. तो म्हणतो, आधी सुबियागा, मागे गार्सिया. म्हणजे नातवाच्या पोरापाशी गार्सिया खलास! मी, फुलखेन्सिओ गार्सिया, एकुलत्या एका लेकीचा बाप. माझ्यामागे कोण?

बायकोला सांगितलं. कासिल्दा घेवड्याचे दाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अरे, देशात चौदा लाख गार्सिया आहेत, तुझ्यावाचून कुणाचं अडणार आहे?

हिला फरकच कळत नाही. ते सगळे साधे गार्सिया. आपली शाखा वेगळी.

ठराव: चिडायचं नाही. उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या आविला गावाला ब्रेक कुठला ते शिकवलं. एक जावई वळवणं काय अवघड!

५ फेब्रुवारी
लायब्ररीत बसलो. नवार्रामध्ये गार्सिया नावाचे राजे होऊन गेले, एक नाही, कितीतरी. आधी ते नुसतं नाव होतं, मग आडनाव झालं. अर्थ: अस्वल. आरशात पाहिलं. खांदे जुळतात.

दुसऱ्या पुस्तकात अर्थ 'तरुण' दिलाय. तोही जुळतो. तिसऱ्यात लिहिलंय, नक्की कुणालाच ठाऊक नाही. ते पुस्तक परत केलं.

देवळामागच्या दुकानातून घराण्याच्या मानचिन्हाची ढाल फ्रेम करून आणली. ढालीवर बगळा. अस्वल हवं होतं, पण दुकानदार म्हणाला गार्सियांना बगळाच येतो.

६ फेब्रुवारी
समोरच्या न्हाव्याकडे तोच बगळा. फ्रेमसुद्धा तीच. त्याचं आडनाव विचारायचं धाडस केलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
लेक-जावई जेवायला. ठरवल्याप्रमाणे गोड बोललो. अस्वलाची हकिकत सांगितली, राजे सांगितले. एनेको मांसाचा घास तोंडात घोळवत म्हणाला, बाबा, हे अस्वल तर आमच्या बास्क भाषेतलं! म्हणजे तुम्ही मूळचे आमच्याकडचेच. उगाच इतकी वर्षं कास्तिल्याचे म्हणून मिरवलात. सोनसोलेस हसली. कासिल्दाही हसली. घरचेच असे फितूर!

चिडलो नाही. फक्त चमचा आपटला.

सोनसोलेस म्हणाली, बाबा, नका ना ताणू, माझं प्रेशर वाढतंय. पाहिलं तर पाय खरंच सुजलेत. वाईट वाटलं. घराण्याचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही. एनेकोला बाहेर गाठायचं.

११ फेब्रुवारी
बारमध्ये कॉफी घ्यायला गेलो. बारवाला ओरडला, गार्सिया, तयार! चार जण उठले. माझी कॉफी पोस्टातल्या गार्सियाने प्यायली. आपल्याला राखायची आहे ती या गर्दीतली अस्सल शाखा, हे आज जास्तच पटलं.

१३ फेब्रुवारी
डोकं चालवलं. कायदा म्हणतो, क्रम आईबापांनी ठरवावा. त्यांचं जमलं नाही तर नोंदणी अधिकारी ठरवणार. परका माणूस!  मग सुचलं, आपण समानतेच्या बाजूने बोलायचं. बाईने नऊ महिने ओझं वाहायचं आणि तिचं नाव मागे? हा कुठला न्याय? कालपर्यंत मीच या समानतावाल्यांना नावं ठेवत होतो, पण माणसाने काळाबरोबर चालावं.

कासिल्दाला भाषण म्हणून दाखवलं. निवडणं थांबवून ऐकत राहिली. म्हणाली, हे तू मनापासून बोलतोयस? म्हटलं, अगदी मनापासून. आईचं नाव पुढे आलंच पाहिजे. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. भाषण चांगलंच झालं असणार.

१४ फेब्रुवारी
मायलेकी सकाळीच नोंदणी कार्यालयात गेल्या. कशाला म्हणून विचारलं तर कासिल्दा म्हणाली, आमचं बायकांचं काम आहे, तू पडू नकोस. कळलं! माझ्याच भाषणाची पूर्वतयारी. घरात आपला शब्द चालतो, फक्त कुणी तोंडाने कबूल करत नाही.

१६ फेब्रुवारी
एनेकोला गाठला. समानता सांगितली, ऐकेना. म्हणाला, माझे वडील रोज फोनवर विचारतात, मी त्यांना काय तोंड दाखवू? शेवटी काळजावर दगड ठेवून बोललो: गावाच्या जुन्या तटबंदीच्या आतली माझी गाडी लावायची जागा तुझी. कायमची. या गावात लोक त्या जागेसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकतात.

 एनेको म्हणाला, सोनसोलेसशी बोलतो. संध्याकाळी परत आला तो हसत. बाबा, नक्की ना? आईचं पहिलं आडनाव आधी? मागाहून माघार नाही? म्हटलं, गार्सियाचा शब्द आहे. एवढ्यावर न थांबता एनेकोने व्याह्यांना फोन लावून त्यांच्यासमोरही माझ्याकडून वदवून घेतलं. व्याही रडवेले झाले. मी मोठ्या मनाने सांत्वन केलं.

जिंकलो! गाडी आता तटाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी लावतो. चालणं तब्येतीला चांगलं.

१९ फेब्रुवारी, दुपार, हॉस्पिटल
सोनसोलेसचं प्रेशर एकदम चढलं. आत नेलंय. बाहेर खुर्च्यांवर बसलोय. वही गुडघ्यावर, अक्षर नीट येत नाही.

नर्स आली. गार्सियांच्या घरचे कोण? पाच कुटुंबं उठली. मी सगळ्यांच्या पुढे. म्हणाली, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. तिला मिठीच मारली. मग आठवलं, आपल्याला मुलगा आहे. मागचा माणूस म्हणाला, काका, सोडा तिला, ती माझी बातमी आहे.

संध्याकाळ
पुन्हा नर्स. गार्सियाला तातडीने ऑपरेशनला नेतोय, सही हवी.  देवा, आडनाव घे, जागा घे, गाडी घे, पोरगी तेवढी दे. एनेको पांढराफटक. दोघंही धावलो. ती दुसरीच गार्सिया. हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तिची आई भिंतीला टेकून रडत होती, तिला पाणी नेऊन दिलं.

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा भीतीने उठलोच नाही. ती आमची होती. मुलगा. दोघं ठीक. कासिल्दाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

२० फेब्रुवारी, सकाळ
रडणं संपलं. घराणं पुढे. हॉस्पिटलातच नोंदणीची खिडकी आहे. नवा कोट घालून गेलो. एनेकोने सह्या केल्या. खिडकीतल्या बाईंनी वाचून दाखवलं: मार्तिन कांतालापिएद्रा सुबियागा.

मी समजुतीने सांगितलं, बाई, तुम्ही दुसऱ्याचं पोर वाचताय. कालपासून इथे असाच घोळ चाललाय. आम्ही गार्सिया. बाईंनी पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, बरोबर आहे. आईचं पहिलं आडनाव आधी. आई: सोनसोलेस कांतालापिएद्रा गार्सिया. त्यांनी याच महिन्यात स्वतःच्या आडनावांचा क्रम बदलून घेतलाय, हॉस्पिटलच्या कागदांवर तेवढा जुना राहिलाय.

मी ओरडलो, अहो पण ही कांतालापिएद्रा कोण?

मागून कासिल्दा म्हणाली, मी.

२० फेब्रुवारी, दुपार
लग्नाला छत्तीस वर्षं झाली. आमच्याकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच नाव लावतात, त्यामुळे तिचं आडनाव दाराच्या पाटीवर माझ्या शेजारीच आहे. रोज किल्ली लावताना दिसतं. पण खिडकीपाशी क्षणभर खरंच आठवेना.

एनेकोला म्हटलं, तुला ठाऊक होतं! तो म्हणाला, बाबा, मी तीनदा विचारलं होतं. सोनसोलेस म्हणाली, मनापासून बोलतोय असं तुम्हीच आईला सांगितलंत. जागेचं कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही.

तत्त्व म्हणून पाहिलं तर समानता जिंकली. ती मांडली मीच.

२२ फेब्रुवारी
बारमध्ये पेढ्यांसारखे येमास, आमच्याकडची अंड्याच्या बलकाची मिठाई, वाटले. लोकांनी नातवाचं पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं. पोस्टातला गार्सिया म्हणाला, बरं झालं, निदान एकाची तरी कॉफी त्यालाच मिळेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाळ घरी आलं. कासिल्दा त्याला मांडीवर घेऊन पूर्ण नावाने हाका मारत होती. विचारलं, त्याचा अर्थ काय गं? आजवर विचारलाच नव्हता. म्हणाली, दगड गातो. माझे बाबा सांगायचे.

मग म्हणाली, मी एकटीच ना त्यांना. आपल्या लग्नात जेवणाच्या वेळी ते उठून रडत म्हणाले होते, आमचं इथे संपलं. आठवतं तुला?

आठवतं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मला वाटलं वाइन संपली. चुलतभावाला पिटाळून आणखी दोन बुधले मागवले होते.