मंजूताईचे मंजूर प्रस्ताव

मलकापूर,
रविवार, दुपार

आदरणीय मंजूताईस,

प्रसेनजितचा सविनय जयभीम. तू, तुझे पुण्याचे बिऱ्हाड आणि तुझ्या प्रयोगशाळेतला तो सदा रुसलेला फ्रीज, तिघंही ठणठणीत असाल अशी आशा करतो. इकडे आईचा, म्हणजे तुझ्या मामीचा, खोकला सोडला तर सगळे मजेत आहोत. (कापूस वेचून झाला. आता जो तो आपापल्या शेतात पऱ्हाट्या पेटवून राह्यला, गावभर धूर, म्हणजे तिचा खोकला होळीपर्यंत मुक्कामाला आहे.) हे सगळं मोबाइलवर पाठवता आलं असतं, पण तिथे लांब लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून कागद घेतला.

आधी तुझे आभार. संशोधनाला सरकारी निधी मिळवून देणारे तुझे तीन प्रस्ताव तू मला शिकण्यासाठी पाठवलेस, तेव्हापासून आमच्या घरात दुसरं काही वाचलंच जात नाही. मी आपला इतकी वर्षं "सदर संशोधनाच्या अनुषंगाने" अशी सुरुवात करायचो. तू काय लिहितेस? "बंदरावर रोज खेकड्यांच्या कवचांचा ढीग पडतो आणि ते खेकडे सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना जखमा होतात." आणि लगेच पुढच्या ओळीत सांगतेस की त्याच कवचांपासून जखमेवरची पट्टी तयार करता येईल! ताई, खोटं नाही सांगत, मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मग आईला माझं आणि तुझं, अशी दोन्ही पहिली पानं वाचून दाखवली. माझ्या पानावर तिला दुसऱ्याच वाक्याला डुलकी लागली. तुझ्या पानावर ती सरसावून बसली आणि म्हणाली, "मंग? बरे झाले काय त्या बायाईचे बोटं?" निधी देणाऱ्यांनाही अस्संच वाटलं असणार. उगाच नाही आपल्या नातेवाइकांत म्हणत, की मंजूचं सगळं मंजूर.

तुझी दुसरी कमाल म्हणजे "हे जमलं नाही तर" हा परिच्छेद. मला वाटायचं, पैसे मागताना छाती पुढे काढून मागावेत, फसण्याचं नावही काढू नये. तू मात्र सरळ लिहितेस, की पट्टी ओल्या हातावर टिकली नाही तर अमुक करून बघू, तेही फसलं तर तमुक. केवढी हिंमत लागते गं याला! दीपमालाला (बायकोचं मत मी विचारत नसतो, ते येतं) ही पद्धत इतकी पटली, की तिने ती स्वयंपाकघरात लागू केली. परवा म्हणाली, "शिरा करून राह्यली. नाही जमला तर लापशी समजा." आम्ही लापशीच खाल्ली. तक्रारीला मात्र जागा राहिली नाही, हे विशेष.

असा तयार होऊन मी माझा प्रस्ताव लिहायला बसलो. विषय तुला ठाऊक आहेच: पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळण्याऐवजी शेतातच कुजवून त्यांचं खत करणारी बुरशी. तरुण संशोधकांच्या या योजनेत वयाच्या अटीमुळे माझं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे मी कसलीच जोखीम घेतली नाही. जिथे शंका आली, तिथे तुझं वाक्य घातलं. (शिक म्हणून तूच म्हणाली होतीस.) शिवाय तू दर वेळी आधीच्या प्रयोगांचा पुरावा जोडतेस, म्हणून नागपूरला समितीपुढे जाताना मीही पुरावा घेतला: अर्धवट कुजलेल्या पऱ्हाट्यांची पिशवी. गाडीत चढलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. नांदुऱ्याजवळ पिशवीची गाठ सुटली, आणि जलंब येईस्तोवर मी अख्ख्या बाकावर पाय पसरून बसलो होतो. बुरशी काम करते, हे तिथेच सिद्ध झालं.

समिती फार चांगली निघाली. त्यांनी चहा दिला, पिशवी बाहेर ठेवायला लावली, आणि मग अध्यक्षबाईंनी माझा प्रस्ताव उघडून अतिशय प्रेमाने विचारलं, की "या प्रकल्पातून किनारपट्टीवरील मासेमार भगिनींना रोजगार मिळेल" असं तुम्ही लिहिलंय, तर मलकापूरला समुद्र नेमका कोणत्या बाजूने लागतो? ताई, चुकलं, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "मॅडम, आमच्या लोणारचं पाणी खारट आहे." समिती इतकी हसली की एका सदस्याला ठसका लागला. नंतर त्यांनी विचारलं, आपल्याकडच्या उन्हात बुरशी मेली तर काय कराल? त्यावर मी प्रस्तावात लिहिलं होतं, की नमुने समुद्राच्या पाण्यात ठेवू. ते काही मी वाचून दाखवलं नाही. एकंदरीत मुलाखत खेळीमेळीत झाली.

असो. तू आहेस म्हणून माझ्यासारख्याला वाट तरी दिसते. पुण्यात उन्हातान्हाची फिरू नकोस, आणि फ्रीजला माझा नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (नको तितका आज्ञाधारक) भाऊ,
प्रसेनजित

ता. क.: प्रस्ताव परत आला. विषय चांगला आहे, महिनाअखेरीपर्यंत दुरुस्त करून पुन्हा पाठवा, असा शेरा आहे. त्यानंतर मात्र माझं वय संपलं. दीपमालाने सगळा वाचला आणि एवढंच विचारलं, "याच्यात सारं हाय, पण आईच्या खोकल्याचं कुठी हाय?" मी पहिलं पान फाडलं. नवीन लिहिलं, आईला वाचून दाखवलं. या वेळी ती झोपली नाही. म्हणाली, "हे तं माह्यंच हाय."

ता. क. दुसरा: पण "जमलं नाही तर" हे मला अजून लिहिता येत नाही. तुझ्या मंजूर प्रस्तावांत ते लिहिलेलं दिसतं, ते तू शिकलीस कशी ते दिसत नाही. म्हणून खरी विनंती अशी, की तुझे नामंजूर झालेले प्रस्ताव पाठव. तसे नाहीतच, असं म्हणू नकोस. माझा परत आला तेव्हा कुणाला सांगवेना, म्हणून मेहकरला तुझ्या आईला फोन लावला आणि "आत्या, जेवल्या काय?" एवढंच विचारलं. आत्या म्हणाली, "काऊन बे, तुहंबी वापस आलं काय? मंजीचं वापस आलं की तेबी मले जेवल्याचंच इचारे."